पायलटला देवदूत म्हणू नका, प्रश्न विचारा

चाकांच्या बिघाडामुळे विमान हवेत घिरट्या घालतंय अशी बातमी आली की चॅनेलवर लाल पट्टी झळकते आणि इथे इंदूरला आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी सुरू होतात. लोकांची काळजी खरी असते, त्याबद्दल मी कुणालाच नावं ठेवणार नाही. माझा विरोध आहे तो विमान उतरल्यावर जे सुरू होतं त्याला. ‘मृत्यूच्या दाढेतून परत’, ‘पायलट नव्हे, देवदूत’. हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझा भाचा एटीआरवर, म्हणजे पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानावर, को-पायलट आहे. सुटीत आला की कधी बरोबरचे मित्रही घरी येतात. एकदा जेवणं झाल्यावर मंडालेचा व्हिडिओ लावला होता. 12 मे 2019, म्यानमार नॅशनल एअरलाइन्सचं एम्ब्रेयर 190, आत 89 माणसं आणि पुढचं चाक काही केल्या बाहेर येईना. आम्ही घरचे श्वास रोखून बघत होतो. मुलांचं लक्ष भलतीकडेच. ‘नोज बघ किती वेळ वर धरलंय!’ मागची चाकं टेकली तरी नाक हवेतच होतं. वेग उतरत गेला तसं ते सावकाश खाली आलं, धावपट्टीला घासलं, धूर निघाला आणि विमान धावपट्टीवरच थांबलं. कुणालाही इजा नाही. एकानं व्हिडिओ मागे नेऊन तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग त्यांचे आपसात प्रश्न. टॉवरवरून फेऱ्या किती मारल्या? (दोन. चाक आलंय का ते खालून बघून सांगा म्हणून.) इंधन किती उरलं असेल? चेकलिस्ट कोण वाचत होतं, आणि तेव्हा विमान कोण उडवत होतं?

मी विचारलं, हा काय प्रश्न झाला? तर भाचा म्हणाला, ‘आत्या, सगळ्यात आधी तोच प्रश्न.’

त्याचं कारण 29 डिसेंबर 1972 च्या रात्री आहे. ईस्टर्न एअर लाइन्सचं ट्रायस्टार मायामीला उतरत होतं. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. चाक खरं तर व्यवस्थित खाली आलेलं होतं, दिव्याचा बल्ब गेला होता. कॉकपिटमधली सगळी मंडळी त्या बल्बच्या मागे लागली, ऑटोपायलटनं उंची धरणं सोडलं ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही आणि विमान दलदलीत कोसळलं. 101 माणसं गेली. पुढे 28 डिसेंबर 1978 ला पोर्टलंडजवळ युनायटेडचं डीसी-8 चाकांच्याच शंकेपायी तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं, त्यात दहा जण गेले. इंधन संपत आल्याचं हाताखालचे सांगत होते, पण ठामपणे कुणी बोललं नाही. यातूनच 1981 मध्ये युनायटेडनं कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं-बोलावं याचं प्रशिक्षण सुरू केलं. आज ते जगभर आहे. ज्युनिअरनं कॅप्टनला टोकायचं, हे आमच्या भाच्यालाही शिकवलेलं आहे.

म्हणून विमान घिरट्या घालतंय याचा अर्थ आत गोंधळ उडालाय असा लावू नका. हायड्रॉलिकनं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेनं, चाक आलं नाही तर वेगळ्या हँडलनं कुलूप सोडायचं असतं, मग चाक स्वतःच्या वजनानंच खाली येतं. बऱ्याच विमानांत पुढचं चाक पुढच्या बाजूला दुमडतं, त्यामुळे समोरचा वारा त्याला मागे ढकलून जागेवर बसवायला मदतच करतो. हे सगळं पुस्तिकेत बघून, एकेक ओळ वाचून करायचं. शिवाय एटीआर, एम्ब्रेयर 190, बोईंग 737 यांना इंधन हवेत ओतून देता येत नाही. उतरण्याआधी वजन कमी करायचं तर उडत राहणं आलंच. ऑक्टोबर 2024 मध्ये त्रिचीहून शारजाला निघालेलं विमान दोन तासांहून जास्त वेळ फिरलं ते यासाठीच. उतरताना चाकं खाली होती आणि विमान नेहमीसारखंच टेकलं. पण तेवढ्या वेळात चॅनेलवाल्यांनी ते पोटावर उतरवूनसुद्धा टाकलं होतं! आत बसलेल्यांच्या घरचे ते बघत असतील, याचा तरी विचार करायचा.

आता देवदूताचं. 1 नोव्हेंबर 2011 ला कॅप्टन तादेउश व्रोना यांनी पोलंडच्या एलओटी या विमान कंपनीचं बोईंग 767 वॉर्सात खरोखर पोटावर उतरवलं. 231 माणसं सुखरूप. त्यांचा सन्मान झाला, व्हायलाच हवा होता. पण तपास तिथे थांबला नाही. हायड्रॉलिकचं तेल गळालं होतं हे ठीक, पण पर्यायी यंत्रणा का चालली नाही? तर एक सर्किट ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा खटका, बाहेर आलेला होता आणि तो उड्डाणात कुणाला दिसला नाही. नंतर विमान उचलून तो ब्रेकर आत दाबला, तर चाकं खाली आली. माझ्या मते या घटनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे, आणि ती कळली ती तपास करणाऱ्यांनी सत्कारानंतरही प्रश्न सोडला नाही म्हणून.

आपल्याकडे तो प्रश्न दुसऱ्या दिवशीच विरतो याचा मला राग येतो. 12 सप्टेंबर 2025 ला कांडल्याहून मुंबईला निघालेल्या क्यू400 विमानाचं एक चाक उड्डाणाच्या वेळी निखळून पडलं. विमान मुंबईत सुखरूप उतरलं. चाक पडतानाचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर येतच राहिला, पायलटचं कौतुक झालं, पण चाक निखळलं कशामुळे हे विचारणारा एकही मेसेज मी पाहिला नाही. इथून पुण्या-मुंबईला, रायपूरला आपलीच मुलंबाळं ये-जा करतात. चाकाबद्दलचा प्रश्न मी ग्रुपवर टाकलाय, इथेही टाकते. देखभालीच्या कामातलं कुणी वाचत असेल, किंवा तपासाचा अहवाल कुणाच्या हाती लागला असेल, तर कमेंटमध्ये लिहा.