प्रत्येक आजारामागे दुरात्मा नसतो

ख्रिस्ती कुटुंबांत एक संदेश फिरत असतो. आजार, कर्ज, नैराश्य, घरातली भांडणे या प्रत्येकामागे एकेक दुरात्मा आहे; त्याचे नाव घेऊन त्याला बांधा, पूर्वजांचे शाप तोडा, रोज सकाळी देवाची शस्त्रसामग्री (सत्याचा कमरपट्टा, विश्वासाची ढाल वगैरे) मोठ्याने बोलून चढवा. एवढे करूनही गोळ्या लागत असतील तर विश्वास कमी आहे. आत्मिक लढाई खरी आहे, प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय (इफिस 6) वाचणारा ती नाकारणार नाही. पण ही लढाई पौलाने सांगितलेली नव्हे.

‘आजार म्हणजे दुरात्मा.’ मत्तय 4:24 भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती यांना वेगवेगळे मोजते. लूक 13 मधली 18 वर्षे वाकलेली बाई आत्म्यामुळे पीडित होती, हेही खरे. पण एकीवरून सगळ्यांचा नियम निघत नाही. पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (1 तीमथ्य 5:23) आणि दुसरा सहकारी त्रफिम याला मिलेत शहरात आजारी असतानाच ठेवले (2 तीमथ्य 4:20). त्यांच्या विश्वासावर त्याने बोट ठेवले नाही.

इथली चूक जिवावर बेतू शकते. फेफऱ्याचे औषध एकाएकी थांबवले तर झटका 5 मिनिटांपेक्षा लांबू शकतो, आणि मग लगेच रुग्णालय गाठावे लागते. नैराश्यावरच्या गोळ्या अचानक सोडल्या की चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता सुरू होऊ शकते. घरचे याला ‘दुरात्म्याचा प्रतिकार’ समजतात, उपास वाढवतात आणि माणूस आणखी खचतो. प्रार्थना आणि औषध दोन्ही चालू ठेवा. मात्रा कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने. एलीया संदेष्ट्याने मरण मागितले तेव्हा त्याला झोप मिळाली, देवदूताने दोनदा खायला दिले. होरेब डोंगरावर देवाशी झालेले संभाषण त्यानंतरचे (1 राजे 19).

‘सैतानाला बांधा.’ यासाठी मत्तय 18:18 (‘पृथ्वीवर जे काही तुम्ही बांधाल ते स्वर्गात बांधले जाईल’) पुढे केले जाते. तिथे विषय अपराध केलेल्या भावाचा आहे: आधी एकांतात बोला, ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्या, मग मंडळीला सांगा. मत्तय 12:29 मध्ये बलवानाला, म्हणजे सैतानाला, बांधणे हे येशूचे स्वतःचे काम आहे. मुख्य देवदूत मीखाएलसुद्धा सैतानाशी वाद घालताना ‘प्रभू तुला धमकावो’ एवढेच म्हणाला (यहूदा 9). येशूचे नाव मंत्रासारखे वापरणारे स्किवाचे सात मुलगे तर उघडे आणि घायाळ होऊन पळाले (प्रेषितांची कृत्ये 19).

‘पूर्वजांचा शाप.’ निर्गम 20:5 बापाच्या अन्यायाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत म्हणते, पण देवाचा द्वेष करणाऱ्यांबद्दल. बापाचा अन्याय मुलाने वाहायचा नाही, हे यहेज्केल 18:20 स्वच्छ सांगते. दारू आणि मारहाण पिढ्यानपिढ्या दिसते खरी. ती सोडवायला व्यसनमुक्तीचे उपचार आणि मार खाणाऱ्याला सुरक्षित जागा लागते, वंशावळ नव्हे.

‘शस्त्रसामग्री बोलून चढवा.’ बोला, हरकत नाही. मात्र सत्याने कंबर कसल्याचे म्हणून दुपारी खोटा हिशेब दिला तर कंबर मोकळीच. इफिस 4 ही वाचायला हवे. तिथे ‘सैतानाला वाव देऊ नका’ हे वाक्य राग, लबाडी आणि चोरी यांच्या मधोमध आहे, आणि रागाला मुदत सूर्यास्तापर्यंतची. म्हणून भांडण झाले तर त्याच दिवशी आपणहून जा, आपले कोणते बोलणे चुकले ते नेमके सांगा आणि ‘पण तूही’ जोडू नका. समोरचा तयार नसेल तर रेटू नका. तुमच्याकडून वाट मोकळी झाली.

मोहाशी लढताना तो कोणत्या वेळी आणि कशामागोमाग येतो ते आठवडाभर लिहून ठेवा. मग त्याला लागू पडणारा एक उतारा मागचा-पुढचा अध्याय वाचून पाठ करा. रानात सैतानाने मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही उत्तरे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातून दिली, पण सैतानानेही स्तोत्र 91 म्हणून दाखवले. संदर्भ सोडलेले वचन त्यालाही येते. याकोब 4:7 मध्ये आधी देवाच्या अधीन होणे आहे, सैतानाला अडवणे त्यानंतर. पहिला अर्धा भाग गाळला की उरते ती नुसती आरडाओरड.

आणि कर्ज? मुद्दल, व्याजदर, हप्त्याची तारीख एका कागदावर लिहा आणि जोडीदारापासून लपवलेले कर्जही त्यात घाला. प्रार्थना तो कागद दोघांच्या मध्ये ठेवून करा.