नायट्रस लावून टायमिंग पुढे घ्यायला सांगणारा तो मेसेज

म्हापशापासून मडगावपर्यंत गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं की नायट्रस (इंजिनाची ताकद वाढवणारा बाटलीतला गॅस) बसवलं की टायमिंग चार-पाच डिग्री पुढे घ्या, म्हणजे प्लगची ठिणगी तेवढी लवकर पडू द्या, प्लग 'गरम' टाका आणि त्याच्या टोकांमधली गॅप वाढवा, हाय ऑक्टेन पेट्रोल भरलं की नॉकिंगचं (पेट्रोल आपोआप पेटून इंजिन ठोकण्याचं) टेन्शन नाही, आणि बाटली उन्हात तापू द्या म्हणजे प्रेशर मस्त येतं. पेट्रोलच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, बाकी सगळं उलटं.

आधी टायमिंग. साध्या इंजिनात टायमिंग जरा पुढे घेतलं की पिकअप सुधारतो हे खरंय, तिथूनच हे उचललं असणार. पण नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही, तो साधारण ३०० डिग्रीला फुटतो आणि ऑक्सिजन सोडतो, वजनाने ३६ टक्के, हवेत असतो २३, म्हणून जास्तीचं पेट्रोल जळतं आणि वर जाळही भराभर पसरतो. पिस्टन टॉपवरून खाली उतरायला लागला की पंधराएक डिग्रीवर प्रेशर शिगेला पोचायला हवं, मग जाळ लवकर पसरत असेल तर ठिणगी उशिरा नको का द्यायला? पुढे घेतलंत तर पिस्टन अजून वर चढत असतानाच डोक्यावर दणका बसतो, रिंगांमधला भाग तुटतो, पिस्टनला भोक पडतं नाहीतर हेड गॅस्केट उडतं. ट्यूनर लोक दर ५० एचपीला साधारण २ डिग्री मागे घेऊन सुरुवात करतात, बाकी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर. डिस्ट्रिब्युटरवाल्या, म्हणजे टायमिंग हाताने फिरवून बसवायच्या जुन्या गाडीत भानगड अशी की नायट्रस बंद असतानाही टायमिंग मागेच राहतं, गाडी सुस्त वाटते, मग कोणीतरी शहाणा ते परत पुढे फिरवतो आणि वाट लावतो.

आता प्लग. गरम प्लगची ठिणगी काही गरम नसते रे! गरम-थंड म्हणजे प्लगचं टोक आपली उष्णता हेडला किती पटकन देऊन टाकतं एवढंच. टोक ९०० डिग्रीच्या आसपास गेलं की ठिणगीची वाट न बघता ते टोकच मिश्रण पेटवतं, म्हणून नायट्रसला प्लग एक-दोन नंबर थंडच लागतो. आणि नंबरात घोळ आहे, एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम, तेव्हा काउंटरवर नुसतं 'एक नंबर वरचा दे' म्हणू नका. गॅपचंही तसंच, सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे १.१ असेल तर ०.८-०.९ मिमीवर आणा. वाढवलीत तर मिसफायर होणार, म्हणजे ठिणगी चुकणार, आणि नायट्रस चालू असताना मिसफायर म्हणजे इनटेकमध्ये (हवा आत यायच्या वाटेत) बॅकफायरला, म्हणजे उलट्या भडक्याला आमंत्रण.

हाय ऑक्टेन जरूर भरा. पण ते पेट्रोलला आपोआप पेटू देत नाही, जाळाचा वेग कमी करत नाही. टायमिंग मागे घ्यावंच लागतं.

बाटलीचं तर आपल्याकडे सांगायलाच नको. जेट (नायट्रस आणि पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बसवलेले असतात बाटलीत ९००-९५० पीएसआय प्रेशर धरून. ३६.४ डिग्रीच्या वर नायट्रस द्रव राहूच शकत नाही, प्रेशर हजाराच्या वर जातं, आणि मे महिन्यात दुपारी मडगावच्या बाजारात उभ्या गाडीची डिकी तेवढी सहज तापते. नायट्रसचा हिशोब बिघडतो, जास्त प्रेशरने जास्त गेला आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं, आणि लीनमध्ये पिस्टन वितळतात. बाटली सावलीत ठेवा, गेज बघा. (आणि हे सगळं ट्रॅकपुरतंच, रस्त्यावर असले बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२ कलमात बसत नाहीत.)

टायमिंग बरोबर बसलंय का ते प्लगच सांगतो. मोकळ्या ट्रॅकवर फुल थ्रॉटल रन संपता संपता न्यूट्रल करून इंजिन बंद करा, चावी लॉकपर्यंत फिरवू नका, आणि प्लग तिथेच काढा, आयडलवर गाडी परत आणलीत तर खूण बिघडते. प्लगच्या टोकाशी असलेल्या वाकलेल्या पट्टीवर रंग बदलल्याची रेघ दिसते. ती वळणाशी असेल तर ठीक, टोकाकडे असेल तर टायमिंग कमी आहे, बुडाकडे सरकली असेल तर जास्त. पांढऱ्या पोर्सिलेनवर बारीक चकचकीत ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, पुढचा रन रद्द.