डोकी मोजायची की वर्ग? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

साखरशाळांच्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामात चालणाऱ्या शाळांच्या, हिशेबावरच्या माझ्या मागच्या लेखावर आपण एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. उत्तराला आठ दिवस लागले, कारण माळ्यावरून जुन्या वह्या काढाव्या लागल्या. आपल्यासारख्या लेखा शाखेत हयात घालवलेल्या माणसाला आठवणीवर उत्तर देणं बरं नव्हे.

मागचा लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की वस्तीवरच्या, उसाच्या फडावरच्या, वीटभट्टीवरच्या शाळांना पैसा मुलामागे ठरवून दिला गेला आणि तिथेच त्यांची कंबर मोडली. आपलं म्हणणं असं, की दरडोई मर्यादा नसती तर संस्थांनी कागदावर पोरं जन्माला घातली असती. शिवाय त्याच दरात हजारो केंद्रं चाललीच की. आणि शिक्षण हक्क कायदा आल्यावर या शाळांची गरजच उरली नाही, मग आता कशाला गळा काढायचा? शेवटी एक टोमणाही आहे: 'पैसे कमी होते म्हणता, मग अखर्चित रक्कम परत का गेली?' टोमणा मला लागला. त्याच्याकडे येतेच.

आधी गणित. सर्व शिक्षा अभियानाच्या सुरुवातीच्या वर्षांत शिक्षण हमी योजनेच्या केंद्राला प्राथमिक स्तरावर मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त 845 रुपये मिळत, उच्च प्राथमिकला 1,200. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि 25 मुलं असतील तर केंद्र काढता येई. डोंगरी-आदिवासी भागात 15 मुलंही चालत. शिकवणाऱ्याचं मानधन महिना 1,000 धरा.

आता 25 मुलांचं केंद्र घ्या. वर्षाचे 21,125 रुपये. मानधनाचे 12,000 गेले की 9,125 उरले. त्यात पाट्या-पुस्तकं, फळा, सतरंजी, प्रशिक्षण, सादिलवार म्हणजे किरकोळ खर्च. ओढूनताणून जमतं. तेच केंद्र डोंगरातल्या पाड्यावर 15 मुलांचं काढा. वर्षाचे 12,675. मानधन वजा जाता 675. म्हणजे एका मुलाला वर्षभरासाठी 45 रुपये. ज्या नियमाने 15 मुलांच्या केंद्राला परवानगी दिली, त्याच नियमाने त्याला फळ्याचेसुद्धा पैसे ठेवले नाहीत. आणि त्या 15 पैकी एक कुटुंब दिवाळीनंतर जगायला गेलं, दोन मुलं कमी झाली, तर मानधनालाच हजार रुपये कमी पडतात. बाई मात्र तेवढाच वेळ शिकवते. दोन मुलं गेली म्हणून फळा काही आखडत नाही.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे सर. खर्च वर्गाचा असतो आणि पैसा डोक्यावर मिळतो. गावातल्या भरल्या शाळेत हा फरक झाकला जातो. जिथे पोरं येतात-जातात तिथे तो उघडा पडतो.

आमची संस्था चालवत असलेल्या साखरशाळेची एका हंगामाची वही समोर आहे. नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या तेव्हा कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, फिरून आम्ही 42 मुलं नोंदवली. डिसेंबरात मुकादमाने दोन टोळ्या दुसऱ्या गटात हलवल्या, 17 मुलं एका रात्रीत गेली. जानेवारीत दुसरीकडून टोळ्या आल्या, 23 नवी मुलं आली. पाहणी झाली ती नेमकी मधल्या आठवड्यात, म्हणून मंजुरी 25 मुलांची. हंगामभरात त्या सतरंजीवर बसून गेलेली मुलं 65. यांतलं कोणतं 'डोकं' खरं मानायचं? मी तेव्हाही 42, 25 आणि 65 असं सगळं लिहायला तयार होते. फक्त त्या रकान्यात एकच आकडा मावत होता.

'त्याच दरात केंद्रं चालली' हे आपलं म्हणणं खरं आहे. पण कशी चालली, ते बघायला हवं. आपण मध्य प्रदेशचं उदाहरण दिलंत. 1 जानेवारी 1997 पासून तिथे शिक्षण हमी योजना सुरू झाली. गावाने मागणी करायची आणि 90 दिवसांत शाळा द्यायची, हे वचन खरोखर मोठं होतं. माझाही त्याला मनापासून नमस्कार. पण तिथल्या गुरुजींचं मानधन सुरुवातीला महिना 500 होतं. आपल्याकडच्या वस्तीशाळेत 1,000. म्हणजे ती स्वस्ताई कोणाच्या खिशातून आली? बारावी झालेल्या गावच्या सुनेच्या, डी.एड. करून रिकामा बसलेल्या पोराच्या. त्याला आपण 'लोकसहभाग' म्हणालात. लोकवर्गणी, श्रमदान याला माझा विरोध नाही, आमच्या शाळेचं छप्पर उसाच्या वाढ्यांचं होतं आणि ते पालकांनीच घातलं होतं. पण सहभाग एक हंगाम, दोन हंगाम असतो. दहा-दहा वर्षं चालला की ती वेठ होते.

आणि हे बिल टळलं का? नाही. वस्तीशाळांचे निमशिक्षक, म्हणजे तेच मानधनावरचे शिक्षक, मोर्चे काढत, उपोषणं करत राहिले आणि 2014 साली त्यांना नियमित शिक्षक म्हणून सामावून घ्यावं लागलं. मध्य प्रदेशातही गुरुजींना संविदा म्हणजे कंत्राटी शिक्षकांत घेण्याचा प्रश्न आलाच. वाण्याकडे खातं मांडलं की डाळ फुकट होत नाही, हे आपल्याला मी काय सांगावं.

आता कागदावरची पोरं. हा आपला सगळ्यात जोरकस मुद्दा, आणि मला वाटतं तो आपल्याच विरुद्ध जातो. ऑक्टोबर 2011 ची पटपडताळणी आपण सेवेत असताना पाहिलीच असेल; बोटांना शाई लावून पोरं मोजली होती. लाखांनी खोटी नावं निघाली. ती फडावरच्या शाळांत नव्हती, चांगल्या पक्क्या इमारतींच्या शाळांत होती. कारण तिथे पटावर तुकडी, तुकडीवर शिक्षक, शिक्षकावर अनुदान. पैसा डोक्याला बांधला की डोकी उगवतात. याला मर्यादा हे औषध कसं होईल? रोग त्या बांधण्यातच आहे. उलट केंद्रामागे ठराविक रक्कम दिली तर मास्तरला 15 चे 25 करण्याची गरजच राहत नाही. मग अधिकाऱ्याने एकच गोष्ट पाहायची, शाळा भरते की नाही. ती कोणत्याही मंगळवारी संध्याकाळी, न सांगता जाऊन पाहता येते.

हे काही माझं खूळ नाही. सरकार स्वतःच्या शाळांना असंच तर वागवतं. सर्व शिक्षा अभियानानंतर आलेल्या समग्र शिक्षा योजनेचं शाळा अनुदान टप्प्याने आहे: पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10,000, त्यापुढे 100 पर्यंत 25,000. सात मुलं असली तरी 10,000 आणि सत्तावीस असली तरी तेवढेच. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. बारा मुलांच्या शाळेला कायदा 'मुलामागे एक तिसांश शिक्षक' देत नाही. म्हणजे पक्क्या भिंतींच्या शाळेला किमान खर्च असतो हे तत्त्व मान्य आहे. फक्त पाचटाच्या भिंती आल्या की आपण डोकी मोजायला लागतो.

कायदा आल्यावर गरज उरली नाही, यावर थोडक्यात लिहिते, कारण यात अर्धी बाजू आपलीच आहे. मूल गावातल्या नियमित शाळेत टिकावं, त्यासाठी हंगामी वसतिगृह असावं, आजी-आजोबांपाशी ठेवावं, हे मलाही पटतं. मागच्या लेखात मी ते पुरेसं लिहिलं नाही, ती चूक कबूल. पण तान्ह्या भावाला सांभाळायला म्हणून नेलेली नऊ वर्षांची मुलगी वसतिगृहात राहत नाही. ती कोपीवरच असते, एप्रिलात पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत. कायद्याचं कलम 4 अशाच मुलांसाठी आहे, वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि विशेष प्रशिक्षण द्यायचं. त्याचा दर अनिवासी असेल तर वर्षाला 6,000 पर्यंत, निवासी असेल तर 20,000 पर्यंत. पुन्हा मुलामागेच! आणि त्याच कायद्याखाली खाजगी शाळेतल्या 25 टक्के जागांवरच्या मुलासाठी आपल्याच राज्याने 2019-20 साली 17,670 रुपये प्रतिपूर्तीचा दर धरला होता. दोन्हींची सरळ तुलना करता येत नाही हे मला कळतं. विशेष प्रशिक्षणातल्या मुलाचं नाव नियमित शाळेतही असतं, तिथला खर्च वेगळा होतो. पण ती नियमित शाळा जर दीडशे किलोमीटरवर, मागे राहिलेल्या गावात असेल, तर तो खर्च त्या मुलापर्यंत पोहोचतो कसा?

राहिला टोमणा. हो, आमच्याही केंद्रांची रक्कम परत गेली. पैसे जास्त झाले म्हणून नव्हे. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, कारखाना ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतो. आमचा पहिला हप्ता आला 19 फेब्रुवारीला. दुसरा आला मार्च अखेरीस, सोबत 31 तारखेच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्या म्हणून पत्र. तोवर अर्ध्या टोळ्या परतीच्या गाडीत. चार महिन्यांचं मानधन संस्थेने उसनवारीवर भागवलं होतं, आणि ते मंजुरीच्या तारखेआधीचं म्हणून धरलं गेलं नाही. परत गेलेले पैसे म्हणजे ते. मग त्याच रकमेचा दाखला देऊन पुढच्या वर्षीची मागणी कापली गेली. आपण म्हणता तसा आमचाही दोष होता. मागणीपत्र जूनमध्ये जायला हवं होतं, आम्ही ऑगस्टमध्ये दिलं. तेव्हा मला वाटायचं, मुलं कुठे उतरणार हेच माहीत नसताना मागायचं कशाच्या आधारावर? आज वाटतं, मागायला हवं होतं. केंद्राचा दर असता तर मागताही आलं असतं: 'या कारखान्यावर तीन शाळा.' एवढं तर दरवर्षी जूनमध्येच ठाऊक असायचं.

वह्या चाळताना एक लेखाआक्षेप सापडला, तो खास आपल्यासाठी. 'शाळेची वेळ सकाळी 11 ते सायंकाळी 5 दर्शविली असताना रॉकेल व कंदिलाच्या काचा यांवरील खर्च रु. 312 कोणत्या कारणास्तव?' वेळ आम्ही छापील नमुन्यात होती तीच भरली होती, कारण दुसरी भरायला जागा नव्हती. शाळा भरायची आया फडावरून परत आल्यावर, तान्ही पोरं त्यांच्याकडे दिली की, सातच्या सुमाराला. मी तसं खुलाशात लिहिलं. त्यावर 'खुलासा समाधानकारक नाही, रक्कम वसूलपात्र' असा शेरा आला आणि 312 रुपये आम्ही भरले. आपण त्या टेबलावर असता तर काय शेरा मारला असता, ते जरूर कळवा.

आपली,
लेखिका