कोपऱ्यातले घड्याळ: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून ती बाजूला ठेवणे मला योग्य वाटले नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. अल्पखर्ची भयपटांवरच्या माझ्या लेखाबद्दल आपले तीन आक्षेप आहेत. ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ आपण सहा मित्रांसह घरी पाहिलात, त्यात दार हलण्यापलीकडे काहीच घडत नाही, सगळे हसत होते आणि अखेर चित्रपट पुढे ढकलत संपवावा लागला, हा पहिला. पैशाअभावी जे दाखवता आले नाही त्यालाच मी कला ठरवतो, जुने हिंदी भयपट करणाऱ्या रामसे बंधूंकडेही पैसा नव्हता, तरी त्यांनी प्रेक्षकाला त्याचे भूत दाखवले, हा दुसरा. आणि ‘ज्याला भीती वाटली नाही त्याला चित्रपट पाहताच आला नाही’ हे माझे वाक्य प्रेक्षकाचा अपमान करणारे आहे, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो मला पूर्णपणे मान्य आहे. भीती ही काही परीक्षा नव्हे की जिच्यात प्रेक्षक नापास व्हावा. ते वाक्य लिहिताना मी एका चित्रपटाच्या प्रेमात होतो आणि त्या भरात इतरांच्या अनुभवाला कमी लेखले. ते वाक्य मी लेखातून काढले आहे.

आता पहिला आक्षेप. ‘काहीच घडत नाही’ ही तक्रार अशा चित्रपटांबद्दल इतक्या वेळा ऐकू येते की तिच्याकडे मूळ लेखातच अधिक लक्ष द्यायला हवे होते. या चित्रपटात एक जोडपे घरातल्या अदृश्य शक्तीचा माग घेण्यासाठी रात्रभर कॅमेरा चालू ठेवते. त्यातली रात्रीची चौकट आठवून पाहा. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर, समोर पलंग, त्यावर झोपलेले जोडपे, डावीकडे उघडे दार आणि दारापलीकडे अंधारात बुडालेला बोळ. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात वेळ दाखवणारे आकडे. रात्र सुरू झाली की हे आकडे भराभर पळू लागतात, अंथरुणातली माणसे झटके दिल्यासारखी कुशी बदलतात, तासचे तास काही सेकंदांत सरतात. मग अचानक आकड्यांचा वेग उतरतो आणि सेकंद नेहमीच्या गतीने पडू लागतो. पडद्यावर अजून काहीही झालेले नसते, पण आता होणार हे पाहणाऱ्याला कळलेले असते, आणि त्याची नजर दार, बोळ, पांघरूण, भिंतीवरची सावली असे सगळे स्वतःहून धुंडाळू लागते.

आपण लिहिलेत की चित्रपट पुढे ढकलावा लागला. माझा मुद्दा असा आहे की तो आधीच स्वतःला पुढे ढकलत असतो, आणि कुठे थांबायचे हा निर्णय त्याने स्वतःच्या हाती ठेवलेला असतो. रिमोट हातात घेतला की तो निर्णय आपल्याकडे येतो, आणि घड्याळ मंदावण्याच्या क्षणाला काही अर्थ उरत नाही. त्यात आपला दोष आहे असे मी म्हणत नाही. घरच्या दिवाणखान्यात, गप्पा चालू असताना, चहाचे कप फिरत असताना या चित्रपटाला जी शांतता लागते ती मिळत नाही, आणि शांततेवर इतके अवलंबून असणे ही त्याची मर्यादा आहेच. चांगला रहस्यपट गोंगाटातही तग धरतो, हा तग धरत नाही.

हसण्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो वसतिगृहाच्या एका खोलीत, भिंतीवर ताणलेल्या चादरीवर, वीस-पंचवीस मुलांच्या गर्दीत. तिथेही हशा झाला, शेरेबाजी झाली. पण तो हशा कधी येतो हे मी चित्रपटातल्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपासून टिपू लागलो. आकडे पळत असताना मुले बोलत होती, आकडे मंदावले की खोली गप्प होत होती, आणि दार जेमतेम वीतभर हलून थांबले की मोठ्याने हसू फुटत होते. कंटाळलेला माणूस केव्हाही हसतो, श्वास धरून बसलेला माणूस श्वास सोडताना हसतो. आपल्या मित्रांचे हसणे यांपैकी कोणते होते हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण निघताना त्यांच्यापैकी एकाने जिन्यातला दिवा लावायला सांगितला, असे आपणच लिहिले आहे.

दुसरा आक्षेप सर्वांत मोलाचा आहे. पैसा कमी म्हणून चित्रपट थोर, असे म्हणणे चूकच, आणि माझ्या लेखाचा सूर काही ठिकाणी तसा झाला होता. म्हणून पैशाचे काय केले गेले ते पाहू. या चित्रपटाचा दिग्दर्शक ओरेन पेली हा संगणक प्रोग्रामर. त्याने त्याआधी एकही चित्रपट केलेला नव्हता. सॅन दिएगोमधल्या आपल्या राहत्या घराला चित्रीकरणासाठी तयार करण्यात त्याने सुमारे वर्ष घालवले, भिंती रंगवल्या, सामान आणले, जिन्याला कठडा बसवला. चित्रीकरण जेमतेम आठवडाभराचे, खर्च सुमारे 15,000 डॉलर, आणि जगभरचा गल्ला 19 कोटी डॉलरच्या पुढे. गल्ल्याचा आकडा गुणवत्तेचा पुरावा नाही हे मी जाणतो. पण वर्षभर घर तयार करणाऱ्या माणसाला ‘दाखवता आले नाही म्हणून दाखवले नाही’ असे म्हणता येत नाही. उघडे दार चौकटीत कुठे यावे, बोळाचा किती भाग दिसावा, हे त्याने ठरवले होते. कॅमेरा धरायला माणूस नसणे ही अडचण होती, आणि तिचाच उपयोग असा झाला की चौकट हलत नाही, त्यामुळे प्रेक्षकाला कुठे पाहायचे हे कोणी सांगत नाही.

रामसे बंधूंविषयी आपण जे लिहिलेत त्याच्याशी मी बराचसा सहमत आहे. 1970 साली त्यांच्या कुटुंबाचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण त्यातल्या भयंकर मुखवटा चढवून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांच्या प्रसंगाला चित्रपटगृहात मिळणारा प्रतिसाद या भावांनी हेरला, आणि त्यातून 1972 साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. त्याचे चित्रीकरण महाबळेश्वरला झाले, थोडक्या माणसांत, घरच्यांनीच दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी अशी कामे वाटून घेऊन. प्रेक्षक कशाने सावरून बसतो हे अंधारात उभे राहून पाहणाऱ्या निर्मात्यांबद्दल मला आदर आहे. तरीही त्यांचा ‘पुराना मंदिर’ पाहताना मला त्यातल्या सामरी या राक्षसाचा चेहरा पहिल्यांदा दिसतो तेव्हा जेवढी भीती वाटते तेवढी पुढे वाटत नाही. रंगभूषा डोळ्यांच्या ओळखीची होत जाते. रामसेंच्या चित्रपटाला लोक भूत पाहायला जात, सगळ्यांनी मिळून ओरडायला जात, आणि ते त्यांना मिळत असे. पेलीच्या चित्रपटात भूत आहे की नाही हे पाहत बसावे लागते. पहिल्या अपेक्षेने दुसऱ्या चित्रपटाला बसलेला माणूस चिडणारच.

ही चीड कुठे न्याय्य ठरते याचे उदाहरण म्हणजे ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. 1997 च्या ऑक्टोबरमध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत नटांनीच कॅमेरे हाताळून हा चित्रपट चित्रित केला, आणि 1999 साली तो प्रदर्शित होताना तीन विद्यार्थी खरोखरच बेपत्ता झाले आहेत अशी जाहिरात झाली. बेपत्ता व्यक्तींची पत्रके वाटली गेली. ज्यांनी ते खरे मानले त्यांना फसवणूक वाटली, ज्यांनी मानले नाही त्यांच्यापैकी अनेकांना हलत्या कॅमेऱ्याने मळमळले. शेवटी भिंतीकडे तोंड करून उभा असलेला तरुण मला आजही अस्वस्थ करतो. पण खोटे आश्वासन देऊन बोलावलेला प्रेक्षक बाहेर पडताना शिव्या देत असेल तर त्याला ‘तुला कळले नाही’ म्हणण्याचा अधिकार मला नाही.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला इतका धीर नसतो, हे आपले विधान मात्र मला पटत नाही. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ 2017 साली आला. मोजकी पात्रे, एक गर्भवती स्त्री, एक घर आणि भोवती ऊस. तिथली बरीचशी भीती दिवसाउजेडी आहे. डोक्याच्या वर गेलेल्या उसात चार पावले आत शिरले की दिशा कळत नाही, पाते अंगाला कापते, आणि शेजारच्या सरीत कोणी चालत असेल तर नुसती सळसळ ऐकू येते. ज्याने हे अनुभवले आहे त्याला तिथे भूत दाखवावे लागत नाही. मी तो ज्या चित्रपटगृहात पाहिला तिथे मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा सगळा ताण नाहीसा झाला होता, आणि उत्तरार्धातला बराच वेळ तो पुन्हा जमवण्यात गेला. तरीही लोक बसून राहिले. फुरिया यांनीच 2021 साली ‘छोरी’ या नावाने हीच कथा हिंदीत केली.

एका गोष्टीत मात्र आपण आणि मी वेगवेगळ्या बाजूंना असू, असा माझा अंदाज आहे. ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’चा जो शेवट आपण पाहिलात, ज्यात देह थेट कॅमेऱ्यावर येऊन आदळतो, तो 2007 च्या मूळ आवृत्तीत नव्हता. 2009 च्या सार्वत्रिक प्रदर्शनासाठी तो नव्याने केला गेला. मूळ शेवटात जोडप्यातली तरुणी केटी पलंगाशेजारी बसून नुसती डुलत राहते, कोपऱ्यातले आकडे पळत राहतात, आणि पोलीस येईपर्यंत ती जागची हलत नाही. दचकवण्याच्या दृष्टीने नवा शेवट अधिक परिणामकारक आहे हे मी मान्य करतो. पण ज्या घड्याळाने आपल्याला वाट पाहायला शिकवले त्याला त्या शेवटी काही काम उरत नाही. मूळ लेखात या बदलाचा उल्लेख राहून गेला होता, तो आज घातला आहे.