'देअर विल बी ब्लड'वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर, जरा सविस्तर

अनामिक महोदय,

'देअर विल बी ब्लड' या सिनेमावरच्या लेखात मी म्हटलं होतं की त्यातला तेलधंदेवाला प्लेनव्ह्यू आपल्या मुलाला वापरतो, तरी त्याला त्याची मायाही आहे. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "प्लेनव्ह्यूला मुलाची माया होती हा शोध हास्यास्पद आहे. जमिनी लाटायला त्याला एक गोंडस चेहरा हवा होता, बस्स. तेलधंद्याचा गंध नसताना लिहू नये." मतभेद असू द्या हो, पण शेवटच्या वाक्याची गरज होती? नाव न देता बोलायला कुणाचं काय जातंय!

सुरुवातीची पंधराएक मिनिटं जवळजवळ संवादच नाहीत, तिथे कंटाळा येतो, हे मान्य. बायकांना काम नाही, धर्मोपदेशक एलाय भडक वाटतो वगैरे चालायचंच.

पण "बस्स"? शेतकऱ्यांपुढे तो एच. डब्ल्यू.ला, म्हणजे त्याने वाढवलेल्या त्या अनाथ मुलाला, भागीदार म्हणून मिरवतो, हे मीच लिहिलंय. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं. आता तो गॅसचा स्फोट आठवा. पोराचे कान जातात, हा त्याला उचलून धावत सुटतो. आत नेऊन ठेवतो, पोरगं सोडायला तयार नाही, तरी हा जळत्या डेरिककडे, म्हणजे तेलविहिरीवरच्या मनोऱ्याकडे परत! तोंड तेलाने काळंकुट्ट, आणि पायाखाली तेलाचा समुद्र लागला म्हणून खूश. पोरगं बरं आहे का विचारलं तर सरळ "नाही" म्हणतो आणि तिथेच बसून राहतो. हावरट आहेच. पण नुसता चेहराच हवा असता तर आधी उचलून धावला कशाला? 1927मध्ये त्याच मुलाला टोपलीत सापडलेलं परकं पोर म्हणून हाकलून दिल्यावर पडद्यावर दोघांची जुनी दंगामस्ती येते. तेव्हा समोर कोणता शेतकरी बसला होता जमीन विकायला?

वापर आणि माया एकाच घरात नांदतात, महाशय. लॉस एंजेलिसचा तेलसम्राट एडवर्ड डोहेनी घ्या. 1921मध्ये अल्बर्ट फॉल या मंत्र्याला एक लाख डॉलर रोख पोचवायला त्याने बॅग देऊन पाठवलं ते स्वतःच्या मुलाला, नेडला. पुढे त्याच नेडसाठी बेव्हर्ली हिल्समध्ये ग्रेस्टोन हवेली बांधली. सिनेमातला शेवटचा बोलिंगचा प्रसंग तिथेच चित्रित झालाय.

राहिला गंध. माझे वडील मुंबई हायच्या रिगवर होते. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. आले की पहिले काही दिवस जेवतानाही ओरडूनच बोलायचे, मशीनच्या आवाजाची सवय. तेव्हा तेलावर चालणारं घर कसं असतं, हे निदान मला तरी शिकवू नका.

यापुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तरच छापेन.