नर मारून सूत्रकृमी संपत नाही, राजेहो

आठवडाभरापासून गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. वांगी-टमाट्याच्या मुळांवर गाठी असतील तर ठिबकातून एक द्रावण सोडा. सूत्रकृमीचे, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक जंतांचे, नर मरतात, माद्या वांझ राहतात, एका हंगामात वावर साफ. सोबत माती तपासणीचा अहवाल: आधी नर भरपूर, नंतर जवळपास नाहीत. लोक पैसे जमवायला लागले, म्हणून लिहितो आहे.

"नराशिवाय अंडी फळत नाहीत." पोटातल्या मोठ्या जंताबाबत हे खरं आहे. पण मुळांवर गाठी करणारी मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा ही जात वेगळी. तिच्या अंड्याला नराचं बीज लागतच नाही, आईच्याच गुणसूत्रांवर पिल्लू वाढतं. गाठ हलक्या हातानं चिरून भिंगाखाली धरा, मोत्यासारखी पांढरी मादी दिसेल आणि तिच्या मागे चिकट पुंजक्यात शेकडो अंडी. उबदार मातीत महिनाभरात पुढची पिढी तयार.

"नर-मादी निम्मे-निम्मे, हा निसर्गाचा नियम." सूत्रकृमींत तो सगळीकडे चालत नाही. प्रयोगशाळांतला प्रसिद्ध सी. एलेगन्स बहुतेक उभयलिंगीच असतो. एकटाच स्वतःच्या शुक्राणूंवर सुमारे 300 पिल्लं देतो, त्यांत नर हजारात एखाद-दोन. त्याच्या बहुतेक भावकीत नर-मादी आजही वेगळे आहेत. जुनी रीत तीच. ती सोडणं या कुळात वेगवेगळ्या शाखांनी आपापलं, अनेकदा केलं आहे.

मला सर्वांत खटकला तो अहवाल. गाठीच्या सूत्रकृमीचं पिल्लू नर होणार की मादी, हे पुष्कळदा मुळात शिरल्यावर पोट किती भरतं त्यावर ठरतं. मुळात दाटी झाली, झाड खंगलं, की मादी व्हायची ती पिल्लंही नर होतात. मोठा नर काही खात नाही, मूळ सोडून मातीत निघून जातो. म्हणजे आधीचे भरपूर नर हे थकलेल्या मुळांचं लक्षण. नंतर नवी लागवड, ताजी मुळं, म्हणून पिल्लं सुखानं माद्या झाली असतील! नर घटले हा विजय नाही, उलट काळजीची गोष्ट असू शकते. झाडागणिक गाठी किती, मातीत पिल्लं किती, हे त्या कागदावर कुठेच नाही.

"एका हंगामात साफ" यावर काय बोलावं? वाचलेली एक मादी पुरते.

पीक निघालं की गाठीची मुळं उपटून धुऱ्याबाहेर जाळा, वावर खोल नांगरून मे महिन्याच्या उन्हात तापू द्या. रोपं घेताना दोन-चार मुळं धुऊन बघा. गाठ दिसली तर ट्रे तिथंच परत करा.