‘फुकट राबता, पैसा कंपन्या खातात’ म्हणणाऱ्या भाऊंना

आठवडाभर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सार असं: ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या ऑनलाइन नकाशावर, गल्ल्या भरणारे लोक वेठबिगार आहेत. मेटा, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या तो नकाशा चालवणाऱ्या संस्थेला भरमसाट पैसा देतात, भरणाऱ्याला छदामही मिळत नाही. खरं काम कंपन्यांचे पगारी लोकच करतात. आणि गूगल असताना ही उठाठेव हवी कशाला? नागपुरात मानेवाड्याला राहतो, सहा वर्षं हीच उठाठेव करतोय, म्हणून बोलतो.

कंपन्या पैसा देतात, हे खरं. तो जातो कुठे, हे मात्र मेसेजमध्ये नाही. 2004 साली इंग्लंडात सुरू झालेल्या या नकाशामागचं फाउंडेशन 2006 मध्ये नोंदवलं गेलं. रस्ते काढायला ते कोणाला पगार देत नाही. त्याचा खर्च अॅम्स्टरडॅम आणि डब्लिनमधले सर्व्हर, सॉफ्टवेअर, कायद्याची कामं असल्या गोष्टींवर होतो. सर्व्हर सांभाळायला पहिला पगारी इंजिनिअर आला तोच 2022 मध्ये. तोवर तेही लोक फावल्या वेळात करत होते. बाहेरून आलेल्या पैशाचं एक उदाहरण मला रोज दिसतं. नकाशात भर घालायचा, ब्राउझरमध्ये उघडणारा ‘आयडी’ नावाचा एडिटर नाइट फाउंडेशन या अमेरिकन संस्थेच्या 2012 च्या 5 लाख 75 हजार डॉलरच्या अनुदानातून उभा राहिला. तो नसता तर माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याने या कामाला हातही लावला नसता.

‘पगारी लोकच सगळं करतात.’ मग वेठबिगार कोण? भाऊ, एक काय ते ठरवा.

अॅमेझॉन, अॅपल, मेटाची माणसं रस्ते काढतात, भरपूर काढतात. पण बहुतेक उपग्रहाच्या चित्रावरून. बेसाकडच्या एका लेआउटमध्ये असाच कोणीतरी दुरून सरळ रस्ता ओढला होता. मी सायकलने गेलो तर मध्ये भिंत, तिला लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप, त्यावर वाळत घातलेली गोधडी. शेजारचा पानठेलेवाला म्हणाला, पार्सलवाले पोरं रोज इथवर येतात अन् शिव्या देऊन परत फिरतात. मी फाटक नकाशावर टाकलं. दोन मिनिटांचं काम, पण ते करायला तिथे जावं लागतं. इतवारीच्या बोळात तर उंच भिंतींमुळे जीपीएस उड्या मारतो, शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतो. तिथे पावलं मोजून, दुकानांच्या पाट्या बघून काम चालतं.

23 सप्टेंबर 2023 आठवतो? अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली. त्यानंतर मी आणि एक मित्र चार रविवार नाल्याच्या काठाने चाललो. नाला कुठे उघडा आहे, कुठे स्लॅबखाली गेलाय, रपटा किती ठेंगणा आहे, हे वरून दिसत नाही. कोणत्या कंपनीला त्यात रस असणार?

‘गूगल आहेच.’ 2008 मध्ये गूगलने मॅप मेकर काढला, भारतातल्याही हजारो हौशी लोकांनी त्यात रस्ते भरले. 2017 मध्ये तो बंद झाला आणि सगळी मेहनत गूगलकडे राहिली. वेठबिगारी म्हणायचीच तर तिला म्हणा. ओपनस्ट्रीटमॅपचा अख्खा डेटा मी आज रात्री उतरवून घेऊ शकतो. 2012 पासूनच्या परवान्यानुसार वापरणाऱ्याने श्रेय द्यायचं, आणि डेटाबेसमध्ये भर घालून तो लोकांपुढे आणला तर ती भरही त्याच परवान्यावर खुली करायची. कंपनी माझं काम वापरून पैसे कमावते, कबूल. पण माझं काम माझ्यासाठी बंद होत नाही.

मेसेजमधली एक शंका मात्र मी उडवून लावणार नाही: पैशासोबत वजनही येतं. कंपन्यांना फाउंडेशनच्या सल्लागार मंडळात जागा मिळते; संचालक मात्र सभासदांच्या मतांनी निवडले जातात. पण 2018 च्या निवडणुकीआधी एकाच कंपनीचे शंभरच्या आसपास कर्मचारी एकदम सभासद झाले होते, चौकशी करावी लागली. पुन्हा होणार नाही असं नाही. त्यावर उपाय म्हणाल तर मतं आपल्याकडे जास्त हवीत. सभासदत्वाची फी वर्षाला 15 पौंड आहे, आणि वर्षभरात 42 दिवस नकाशात भर घातली तर तीही लागत नाही. माझे 42 यंदा जूनमध्येच भरले.